चेतकचा क्रँक गेलाय? इंजिन खोलण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे जुन्या स्कूटरचे क्रँक दुरुस्त होतात; क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरकीत बदलणारा शाफ्ट. शॉपमध्ये एक लेथ आहे, एक हायड्रॉलिक प्रेस आहे आणि एक फोन आहे. तिन्हींत जास्त काम फोनला. चेतक, सुपर, प्रिया, एलएमएल, गाडी कुठलीही असो, प्रश्न तेच असतात. पुण्यात आकुर्डीच्या, म्हणजे बजाजच्या, गाड्या जास्त, म्हणून उदाहरणं चेतकची दिली आहेत. दोन स्ट्रोकच्या बाकी छोट्या इंजिनांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

इंजिनातून आवाज येतोय. क्रँकच गेला हे कशावरून?

आवाज कधी येतो ते आधी बघा. सकाळी गार इंजिनात टिकटिक होते आणि पाच मिनिटांत कमी होते, तो पिस्टन. त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. बिग एंडचा, म्हणजे पिस्टनच्या रॉडच्या क्रँककडच्या जोडाचा, आवाज जाडसर असतो, ठक-ठक असा, आणि तो लोडवर वाढतो. डबलसीट कात्रजच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ओढताना ऐका, किंवा वेगात असताना अॅक्सिलरेटर एकदम सोडून ऐका. मेन बेअरिंग, म्हणजे क्रँकला केसिंगमध्ये धरणारं बेअरिंग, गेलं असेल तर ठकठक नसते, घरघर असते. वेगाबरोबर ती चढत जाते आणि फूटबोर्डवर पायालाही जाणवते.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. प्लग काढा, मॅग्नेटवरचं (क्रँकच्या टोकाच्या चुंबकी चाकावरचं) कव्हर काढा. प्लगच्या भोकातून एक जाड लाकडी काडी पिस्टनवर टेकवा. पिस्टन अर्ध्या वाटेवर असताना मॅग्नेट हाताने अगदी थोडा पुढे-मागे करा. हाताला मॅग्नेट हललेला कळतोय पण काडी जागची हलत नाही, एवढी पोकळी मध्ये असेल, तर बिग एंड किंवा गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) यांपैकी एक संपलंय. मग मॅग्नेट धरून वर-खाली हलवा. तिथे प्ले लागला तर मेन बेअरिंग. हे बेअरिंग फार दिवस तसंच चालवलं की मॅग्नेट आतल्या कॉइलला घासायला लागतो आणि खर्चात कॉइल प्लेटची भर पडते.

मेकॅनिक म्हणाला रॉड डावीकडे-उजवीकडे हलतोय, क्रँक बाद. खरं का?

बहुतेक वेळा नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की चांगले क्रँक भंगारात जातात. रॉड आणि क्रँकच्या दोन बाजूंच्या चकत्या यांच्यामध्ये बाजूला थोडी फट असायलाच हवी, ऑइल तिथूनच आत शिरतं. मिलिमीटरच्या तीन-चार दशांशांएवढी फट नव्या क्रँकलाही असते. रॉडचं वरचं टोक बाजूला थोडं डुलणंही चालतं.

चालत नाही ती रॉडच्या लांबीच्या दिशेची हालचाल. सिलिंडर काढा, रॉड सरळ वर येऊ द्या, चिमटीत धरून वर ओढा आणि खाली दाबा. हाताला ‘टक’ असं लागलं की विषय संपला. इथे मापाचा प्रश्नच नाही. त्या दिशेला जाणवण्याइतका प्लेच नको. तपासण्याआधी तिथलं ऑइल पेट्रोलने धुऊन टाका, नाहीतर जाड ऑइलच प्ले झाकून ठेवतं.

क्रँकमध्ये झिजतं तरी काय? ग्राइंडिंग करून ओव्हरसाइज बेअरिंग टाकता येत नाही का?

जीपचा क्रँक ग्राइंड करतात, मग स्कूटरचा का नाही, असं बरेच जण विचारतात. जीपचा क्रँक अखंड असतो. त्याच्यावर दोन तुकड्यांचे शेल बेअरिंग बसतात आणि प्रेशरने ऑइल येतं. तो ग्राइंड करून अंडरसाइज शेल टाकता येतात. स्कूटरचा क्रँक जोडलेला असतो. दोन चकत्या, मध्ये एक पिन, पिनवर रोलरचं बेअरिंग आणि त्याच्यावर रॉड. रॉडचा डोळा अखंड, म्हणून तो आत घालायला क्रँकच सुटा करावा लागतो.

झिजतात त्या तीन गोष्टी : पिन, रोलर आणि रॉडच्या डोळ्याचा आतला पृष्ठभाग. पिन आणि रॉडच्या डोळ्याला वरून कडक केलेला पातळ थर असतो. ग्राइंड केलं की तो थरच उडतो आणि खालचं मऊ पोलाद थोड्याच किलोमीटरमध्ये खाल्लं जातं. म्हणून पिन, बेअरिंग, रॉड हे किट एकत्रच बदलायचं. ‘पिन ठीक दिसतेय, फक्त बेअरिंग टाका’ असं कुणी सांगितलं तर मी ते काम घेत नाही.

चेतकचा बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७, त्यातून १४५ सीसी येतात. मिनिटाला ५,००० फेरे धरले तर त्या पिनवर सेकंदाला ८३ दणके बसतात. आणि तिला वंगण म्हणून मिळतं ते पेट्रोलमधून आलेलं चहाच्या चमच्याएवढं ऑइल.

किट टाकून जुनाच क्रँक वापरायचा, की आख्खा नवा घ्यायचा?

जुन्या चकत्या चांगल्या असतील तर किट. कंपनीच्या जुन्या चकत्यांचं पोलाद आणि मशिनिंग आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच ‘आख्ख्या नव्या’ क्रँकपेक्षा उजवं आहे, हे माझं मत आहे आणि ते डायल (वाकडेपणा मोजणारं काट्याचं गेज) लावल्यावर बनलंय. डब्यातून नवा काढलेला क्रँकसुद्धा आम्ही सेंटर्सवर (दोन टोकदार आधारांवर) फिरवून बघितल्याशिवाय देत नाही. त्यांतले किती सरळ निघतात हे सांगितलं तर नाना पेठेतले स्पेअर पार्टवाले मित्र रागावतील.

जुना क्रँक कधी सोडायचा? मेन बेअरिंग जिथे बसतं ती जागा फिरून फिरून झिजली असेल तर. मॅग्नेट सैल राहून टेपर (शाफ्टचं निमुळतं टोक) आणि चाबीचा खाचा खाल्ला असेल तर. पिनचं भोक मोठं झालं असेल तर. आणि चेतकसारख्या रोटरी इनलेटच्या गाडीत चकतीचा कडेचा पृष्ठभाग ओरखडला असेल तर. या इंजिनात चकतीच इनलेटचं दार उघडते आणि बंद करते. केसिंगवरच्या गुळगुळीत पट्टीपासून ती अगदी केसभर अंतरावर फिरते. एखादा रोलर फुटून त्याचा चुरा त्या फटीत गेला की चकती आणि पट्टी दोघींवर रेघा पडतात. मग कार्ब्युरेटर कितीही जुळवा, किकवर चालू होताना त्रास आणि कमी वेगाला फुसफूस राहते. एलएमएलच्या रीड व्हॉल्व्हवाल्या (पातळ पट्टीच्या झडपेच्या) इंजिनांत एवढी एक डोकेदुखी नाही.

माझा क्रँक एवढ्या लवकर का गेला? गेल्याच वर्षी केला होता.

हा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो, कारण बहुतेक जण फक्त ‘कधी मिळेल’ एवढंच विचारतात. बिग एंड आपण होऊन कमी वेळा मरतो. त्याला कुणीतरी उपाशी ठेवलेलं असतं.

पहिला संशय ऑइलवर. या गाड्यांना साधारण २ टक्के टू-टी (दोन स्ट्रोकचं ऑइल) लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. आधी पंपावर मिक्स पेट्रोल हातपंपाने मिळायचं, आता स्वतः ओतावं लागतं आणि तिथेच गडबड होते. ऑइल आधी टाकीत टाका, मग पेट्रोल भरा, धारेने ते मिसळतं. उलट केलं तर ऑइल तळाला बसतं. सुरुवातीला प्लग काळा होतो आणि शेवटी इंजिन कोरडं पळतं. बाटलीवर जेएएसओ एफसी किंवा एफडी (टू-टीच्या दर्जाची खूण) लिहिलंय का बघा. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं ऑइल टू-टी म्हणून ओतू नका. ‘ऑइलच आहे ना’ म्हणणारे काका महिन्याला एक तरी भेटतात.

दुसरा घाट. पुण्याच्या आसपास उतार बरेच आहेत. खंबाटकी किंवा दिवे घाटात लोक गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून उतरतात. ब्रेकवर ताण कमी येतो हे खरं. पण चार स्ट्रोकला वंगण संपमधून (तळाच्या ऑइलसाठ्यातून) मिळतं, याला पेट्रोलमधूनच मिळतं. अॅक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र चाकाच्या जोरावर भन्नाट फिरतंय. दर थोड्या अंतराने क्लच दाबून अॅक्सिलरेटरला एक झटका द्यायचा. आमच्या वडिलांच्या पिढीला ही सवयच होती, त्यांना कारण विचारलं तर सांगता यायचं नाही.

तिसरं, उभी गाडी. जूनमध्ये पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली चेतक दिवाळीला किक मारली की लगेच चालू होते, मालक खूश. पण चार महिन्यांत क्रँक केसमध्ये दमट हवा साठलेली असते आणि रोलर जिथे पिनला टेकून उभे होते तिथे बारीक गंजाचे ठिपके उमटलेले असतात. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी ठेवायचीच असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मग प्लगच्या भोकातून थोडं टू-टी सोडून चार किका मारा. इग्निशन बंद ठेवून.

चौथा संशय सीलवर. मॅग्नेटकडचं सील गेलं तर बाहेरची हवा आत जाते. मिश्रण कोरडं पडतं, आयडल आपोआप वर जातं आणि पिस्टनसह सगळंच तापतं. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो. चेतकच्या गिअर बॉक्समध्ये मुळात पाव लिटर ऑइल असतं. ते कुठेही ठिपकत नाही आणि तरी कमी होतंय, तर ते सायलेन्सरमधून चाललंय.

पिन बदलणं म्हणजे तुम्ही नक्की काय करता?

आधी मापं. दोन्ही चकत्यांची बाहेरून बाहेर रुंदी मोजून फळ्यावर लिहितो, कारण परत दाबताना थांबायचं कुठे ते तिथूनच कळतं. मग पिनच्या अगदी जवळ आधार देऊन प्रेसखाली पिन बाहेर काढतो. पिन भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी मोठी असते, त्या पकडीवरच सगळा क्रँक उभा असतो. सुटताना बंदुकीसारखा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणारा गिऱ्हाईक हमखास म्हणतो, ‘मोडलं का?’

भोकं स्वच्छ करून नवी पिन एका चकतीत सरळ दाबायची. बेअरिंगला टू-टी लावून रॉड चढवायचा, वॉशर असतील तर ते विसरायचे नाहीत. दुसरी चकती ठेवताना दोघींच्या कडेला पट्टी धरून प्रकाशात बघायचं, फट दिसता कामा नये. मग दाबायचं. शेवटी-शेवटी फिलर गेज रॉडच्या बाजूला ठेवून इंचाइंचाने, म्हणजे खरं तर शतांशाने.

इथवरचं काम अर्ध्या तासाचं. खरं काम पुढे आहे, सेंट्रिंगचं. क्रँक दोन सेंटर्समध्ये धरायचा, दोन्ही बाजूंच्या शाफ्टवर एकेक डायल लावायचा आणि हाताने हळू फिरवायचा. काटे काय सांगतात ते वाचता यायला हवं. काटा पिनच्या सरळ रेषेत चढत-उतरत असेल तर चकत्या एका बाजूला मिटल्यात किंवा फाकल्यात. तिथे पाचर किंवा व्हाइस. पिनपासून काटकोनात चढत असेल तर एक चकती दुसरीच्या मानाने फिरलीय. तिथे तांब्याच्या हातोडीचा एकच फटका, बरोबर जागी. रोटरी गाडीत इनलेटच्या बाजूचा तो गुळगुळीत पृष्ठभाग सोडून. फटका मारायचा, फिरवायचं, वाचायचं, परत मारायचं. कधी तीन फटक्यांत होतं, कधी चहा गार होतो.

०.०३ मिलिमीटरच्या आत आला की मी थांबतो. ०.०५ च्या पुढे असेल तर गाडी चालेल, पण हॅंडलला झिणझिण्या येतील आणि मेन बेअरिंग वर्षभरात परत बोलायला लागेल. प्रेस पुष्कळ ठिकाणी आहेत. पैसे द्यायचेत ते डायलचे, म्हणून विचारून घ्या : ‘डायल लावून दाखवाल का?’ दाखवणारा दाखवतोच.

पिनवर वेल्डिंगचा टाका मारून दिलाय. जास्त मजबूत झालं ना?

शर्यतीच्या इंजिनात मुद्दाम वेल्ड करतात, ती गोष्ट वेगळी. रोजच्या गाडीत टाका दिसला की मला एवढंच कळतं की भोक सैल होतं आणि ते झाकलंय. असाच एक क्रँक आमच्याकडे आला होता, दुसऱ्या गावाहून करून आणलेला. मालकाने मोठ्या अभिमानाने टाके दाखवले. डायलचा काटा अर्धा मिलिमीटर फिरला. वेल्डच्या उष्णतेने चकती वाकलेली, आणि पिन कापल्याशिवाय निघेना. सैल भोकाच्या चकतीला उपाय एकच, दुसरी चकती.

बेअरिंग आणि सीलही बदलायचीच का?

हो. इंजिन उघडलंय, पुन्हा उघडायला तेवढीच मजुरी लागेल. बेअरिंग जुन्यावर कोरलेला नंबर बघूनच घ्या, मॉडेलचं नाव सांगून नाही.

रिबोअर?

म्हणजे सिलिंडर आतून मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणं. सिलिंडर बघून ठरवा. बिग एंड फुटला असेल तर चुरा ट्रान्सफर पोर्टमधून वर जाऊन बोअरवर रेघा मारतो, तेव्हा पर्याय नाही. नुसता प्ले होता आणि बोअर स्वच्छ असेल तर रिंगा बदलून भागतं. प्रत्येक क्रँकबरोबर रिबोअर लावणारा मेकॅनिक तुमच्या सिलिंडरचं आयुष्य कमी करतोय, कारण ओव्हरसाइजच्या पायऱ्या मोजक्याच असतात.

क्रँक तुमच्याकडून करून घेतला, बसवणं माझा नेहमीचा मेकॅनिक करेल. त्याला काय सांगू?

एकच : हातोडी दूर ठेव. आम्ही दीड तास डायलवर घालवलेला क्रँक बेअरिंगमध्ये जात नाही म्हणून शाफ्टच्या टोकावर दोन दणके बसले की चकत्या सरकल्या आणि सेंट्रिंग गेलं. मग फोन येतो, ‘तुमचं काम बरोबर नव्हतं.’

क्रँक रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून, म्हणजे घरचे बोलणार नाहीत. केसिंग बेअरिंगसकट गरम करा. पाणी शिंपडलं की भाकरीच्या तव्यासारखं चुर्र झालं, एवढं पुरे. नवं सील आधीच बसवलं असेल तर ज्योत त्याच्यावर नको. मग क्रँक जवळजवळ स्वतःच्या वजनाने उतरतो. राहिलाच थोडा तर क्लचच्या बाजूने नट आणि वॉशर लावून ओढून घ्यायचा. मॅग्नेटचा टेपर दोन्हीकडून कोरडा, स्वच्छ. ऑइलचा थेंबही नको, कारण पकड टेपरची असते, चाबी फक्त टायमिंगची जागा दाखवते. नट साधारण ६० न्यूटन-मीटरला. आणि मॅग्नेट काढताना पुलरच, पाना घालून उचकटायचा नाही.

केसिंगच बदलावं लागेल म्हणतात. बदलू?

थांबा. इंजिन नंबर केसिंगवरच ठोकलेला असतो. ते बदललं की आरसी बुकातला नंबर जुळत नाही आणि आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं फेरपासिंग करताना हाच नंबर बघतात. म्हणून बेअरिंगची जागा सैल झाली असेल तर आधी बुश करून मूळ केसिंग वाचतं का ते बघू.

गाडी तिरकी केल्याशिवाय चालू होत नाही. क्रँक?

नाही हो. कार्ब्युरेटरचा फ्लोट, कॉक, प्लग, या क्रमाने बघा. तिरकी करणं हा वारसा आहे, आजार नाही.

जुन्या बाजारातून क्रँक आणू का?

बुधवारी किंवा रविवारी जाणार असाल तर चकत्यांसाठी आणा, बिग एंडसाठी नाही. किट नवं पडणारच आहे. टेपर, चाबीचा खाचा, थ्रेड आणि मेन बेअरिंगची जागा बघा. बोटाने पायरी लागली की ठेवून द्या. ‘साहेब, एकदम ओके’ याचा डायलशी संबंध नसतो.

काम झाल्यावर गाडी कशी चालवायची?

पहिले ५०० किलोमीटर ताशी चाळीसच्या आत, पण एकाच वेगाला तासभर नको, कमी-जास्त करत राहा. पहिल्या दोन टाक्यांना लिटरला ३० मिली ऑइल, नंतर परत २०. जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगलं असं नाही. ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं आणि कार्बन सायलेन्सर तुंबवतो. पहिल्या आठवड्यात सिंहगड नको.

किती दिवस लागतात?

किट हातात असेल तर एक दिवस. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र इंजिन लवकर आणून टाका. मांडव पडले की पेठेत टेम्पो शिरत नाही, आणि क्रँक पिशवीतून हातात आणावा लागतो. आणतात लोक, पीएमपीच्या बसने सुद्धा.

जुने पार्ट परत देता का?

मागितले तर देतो, आणि मागाच. पिन उन्हात धरा. एका बाजूला आरशासारखी असेल आणि दुसरीकडे, जिथे दणका बसायचा तिथे, देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतील, तर ती वयाने गेली. सगळीकडून निळसर-तपकिरी असेल तर तापून गेली, ऑइलचं गणित बघा. आणि समान अंतरावर उभ्या तांबूस रेघा असतील तर ते रोलरचे ठसे आहेत. तुमच्या गाडीने पावसाळा कुठे काढला ते सांगा.